क्लाउनफिशची जोडी आहे, ॲनिमोन नाही. आणायलाच हवा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. नाशिकला घरी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, सुरू करून सहा महिने झाले. चार महिन्यांपासून त्यात ऑसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी आहे. एक मासा पावणेतीन इंचांचा, दुसरा जेमतेम दोन. दोघं दिवसभर वेव्हमेकरच्या (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या) मागच्या कोपऱ्यात असतात, रात्री तिथेच आडवे होऊन पडतात आणि मोठा मासा अधूनमधून धाकट्याच्या अंगावर जातो. दुकानदार म्हणाला, ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारा, सोंडांचा समुद्री प्राणी) नाही म्हणून मासे उदास आहेत, लवकर आणला नाहीत तर जोडी तुटेल. तर ॲनिमोन घ्यायचा का, नाही घेतला तर त्याऐवजी काय द्यायचं, आणि दिवाळीत दहा दिवस गावी जायचंय त्याचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी डोंबिवलीत सोळा-सतरा वर्षं मरीन टँक ठेवतोय, आज माझ्याकडे क्लाउनच्या चार जोड्या आहेत आणि एकीलाही ॲनिमोन नाही. त्यातल्या तीन जोड्या नेमानं अंडी घालतात. पण नुसतं ‘नको’ सांगून भागणार नाही, कारण दुकानदार पुन्हा भेटेल तेव्हा तुम्हाला त्याच्याशी बोलता आलं पाहिजे.

समुद्रात क्लाउनला ॲनिमोन लागतो, यात वाद नाही. हा मासा पोहण्यात अगदीच सुमार. वल्हवल्यासारखा डुलत डुलत जातो, उघड्यावर सापडला तर मोठ्या माशाचा एक घास. ॲनिमोनच्या डंख मारणाऱ्या सोंडांमध्ये त्याला आसरा मिळतो आणि अंडीही त्याच्या बुडाशी, खडकावर सुरक्षित राहतात. बदल्यात माशाच्या विष्ठेतलं आणि लघवीतलं खत ॲनिमोनला मिळतं, पाणी हलतं राहतं आणि सोंडा कुरतडायला येणाऱ्या माशांना क्लाउन हाकलून लावतो. हा सौदा सगळा शत्रूच्या भीतीवर उभा आहे. तुमच्या टाकीत शत्रू कोण? कोणीच नाही. पाऊस नसताना छत्री उघडी ठेवायची तर ठेवा, पण छत्रीवाचून माणूस भिजेल असं कोणी सांगत असेल तर खिडकीतून बाहेर बघून घ्यावं.

दुसरी गोष्ट, तुमचे मासे बहुधा जन्माला आले तेव्हाही ॲनिमोन नव्हता. ऑसेलारिस आता मोठ्या प्रमाणावर हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, तयार होतात. आपल्याकडेही मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांमध्ये सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं क्लाउनच्या पैदाशीची तंत्रं बसवली, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी आहे. हॅचऱ्यांमध्ये बहुतेकदा जोडी कशी ठेवतात ते बघण्यासारखं असतं: उघडी काचेची टाकी, एक फरशीचा तुकडा किंवा मातीची कुंडी, एक हवेचा दगड. बस. पिल्लं अशाच टाक्यांत वाढतात, विकली जातात आणि मग दुकानात गेल्यावर अचानक त्यांना ‘घराची आठवण’ येते. पुढच्या खेपेला दुकानदाराला इतकंच विचारा, मासे हॅचरीतले आहेत की समुद्रातून पकडलेले? हॅचरीतले असतील तर ॲनिमोनचा मुद्दा तिथेच संपतो. समुद्रातले असतील तर पहिले काही आठवडे ते बुजतात, कमी खातात, कोपरा धरून बसतात. मग तेही रुळतात. तुमचे चार महिन्यांपासून खातायत, वाढतायत. म्हणजे कुठूनही आलेले असोत, रुळलेत.

आता ‘जोडी तुटेल’ याबद्दल. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण जोडी म्हटलं की लक्ष्मीनारायणाचा जोडा डोळ्यांपुढे येतो. क्लाउनची जोडी म्हणजे हुद्द्यांची उतरंड. पिल्लू असताना यातला कोणीच मादी नसतो. गटातला सर्वांत दांडगा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर, आणि बाकीचे लहान मासे रांगेत ताटकळत उभे, त्यांना पैदास करायची मुभा नाही. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पहिला नराच्या जागी सरकतो. उलटा प्रवास होत नाही. एकदा मादी झालेला मासा परत नर होत नाही. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात पर्क्युला या ऑसेलारिसच्या जवळच्या जातीवर पीटर बस्टन या संशोधकांनी केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं की, खालच्या पायरीवरचा मासा स्वतःची वाढ आवरून धरतो, वरच्याची आकारात बरोबरी होऊ देत नाही. बरोबरी झाली की भांडण, आणि हरणारा ॲनिमोनबाहेर हाकलला जातो, म्हणजे संपलाच.

हे लक्षात घेतलंत की तुमच्या टाकीतला रोजचा तमाशा वेगळा दिसायला लागेल. मोठी धाकट्याच्या अंगावर जाते ते उदासीमुळे नाही. ती हजेरी घेते. त्या वेळी धाकट्याकडे बघा. तो अंग तिरकं करून, थंडी भरल्यासारखा थरथरतो का? मिरगी आल्यासारखं दिसतं, नवीन लोक घाबरून मला व्हिडिओ पाठवतात. ते थरथरणं म्हणजे ‘बाईसाहेब, तुमचंच राज्य’ असं सांगणं. त्यानं हे सांगितलं आणि ती लगेच शांत झाली, तर जोडी पक्की. पावणेतीन आणि दोन इंच हा फरक उत्तम आहे. जोडी टिकते ती या फरकावर आणि दोघांनी मिळून आपला मानलेल्या एखाद्या कोपऱ्यावर. तो कोपरा त्यांना मिळालाय, फक्त तो वेव्हमेकरच्या मागे आहे इतकंच.

काळजी कधी करायची तेही सांगतो. धाकट्याच्या शेपटीच्या चिंध्या दिसल्या, तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहिला, खायला खाली येईना, आणि थरथरूनही मोठीचं समाधान होईना, तर त्याच दिवशी वेगळे करा. त्यासाठी दुसरी टाकी लागत नाही. भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, अगदी भाज्या धुवायची चाळणीसुद्धा चालते, ती टाकीतच अडकवायची आणि दादागिरी करणाऱ्या मोठीला तीत ठेवायचं. धाकट्याला कोंडू नका. मोकळ्या टाकीवर हक्क सांगायची संधी त्याला मिळू दे. आठवडा-दहा दिवसांनी सोडलं की बहुतेकदा निभतं. तिसरा क्लाउन मात्र कधीही आणू नका. ‘एकटे वाटतात म्हणून’ आणलेल्या तिसऱ्याची गत काय होते ते मी दोनदा पाहिलंय.

आता ॲनिमोनचं. दुकानात तो शोभेची वस्तू असल्यासारखा विकतात, म्हणून लोक फसतात. ॲनिमोन हा प्राणी आहे, क्लाउनपेक्षा कितीतरी नाजूक आणि खर्चिक. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं पोट त्या शैवालानं बनवलेल्या अन्नावर भरतं, म्हणून त्याला लख्ख, नेमका प्रकाश लागतो. माशांपुरत्या घेतलेल्या साध्या एलईडीवर तो महिन्यामहिन्यानं आकसत जातो. पाण्यातले चढउतार त्याला सोसत नाहीत. टाकी किमान वर्षभर मुरलेली असावी, असं मी सांगतो. तुमची सहा महिन्यांची आहे. आणि मुख्य म्हणजे तो चालतो. जागा पसंत पडली नाही की पाय सोडवून निघतो, बहुधा रात्री.

मी २०१२ च्या जूनमध्ये एक आणला होता. दुकानात पांढराशुभ्र, सोंडांची टोकं जांभळी, फारच देखणा. तेव्हा मला हे कोणी सांगितलं नाही की पांढरा म्हणजे शैवाल गमावलेला, उपाशी ॲनिमोन; निरोगी असतो तो तपकिरी, मातकट किंवा हिरवट. (भडक पिवळा किंवा निळा दिसला तर तो रंगात बुडवलेला समजा.) बारा-तेरा दिवस तो एका खडकावर बसला. क्लाउननी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ते आपले हीटरजवळ. मग एका रात्री वीज गेली, पंप थांबले, तो निघाला, आणि वीज आली तेव्हा तो वेव्हमेकरच्या तोंडाशी होता. सकाळी टाकीत ताक ओतल्यासारखं पाणी. सोंडांमधले डंख आणि कुजणारं मांस सगळ्या पाण्यात पसरलेलं. संध्याकाळपर्यंत मादी क्लाउन, एक गोबी आणि दोन क्लीनर श्रिंप गेले. नर कसाबसा वाचला, कारण त्याला मी बादलीत नवं मीठपाणी कालवून त्यात काढला होता. पुढे काही महिन्यांत त्याचीच मादी झाली, तिच्यासोबत एक पिटुकला नर सोडला आणि आज माझ्याकडची सगळ्यांत थोरली बाई ती आहे. म्हणून हा प्रसंग आठवला की वाईटही वाटतं आणि थोडं हसूही येतं.

आणखी एक. क्लाउन कोणत्याही ॲनिमोनमध्ये जात नाही. समुद्रात ऑसेलारिस तीनच जातींमध्ये राहतो: मॅग्निफिका आणि गालिच्यासारखे पसरणारे जायगांटिया व मर्टेन्सी. तिन्ही मोठे होतात, तिन्ही घरच्या टाकीत जगवायला अवघड, आणि गालिच्यासारखे तर बाकीचे मासे खातात. टाकीत जो त्यातल्या त्यात टिकतो तो बबल टिप जातीचा ॲनिमोन. समुद्रात ऑसेलारिस त्याच्यात सापडत नाही. टाकीत कधी जातो, कधी वर्षभर जात नाही. म्हणजे एवढा खर्च आणि जोखीम घेऊनही चित्रातलं दृश्य मिळेल याची खात्री नाही.

माझं उत्तर कशावर बदलेल? टाकी दीड-दोन वर्षांची झाली, दिवे चांगले घेतलेत, सगळ्या पंपांच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी बसवलीत, वीज गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालतात, आणि तुम्हाला ॲनिमोन हा ॲनिमोन म्हणून ठेवायचाय, माशांचं घर म्हणून नव्हे. तेव्हा पुन्हा विचारा, मी आनंदानं जात सुचवीन. आणि तुमचे मासे ऑसेलारिस नसून मरून क्लाउन या भांडखोर जातीचे असते तर मी ॲनिमोनवर बोललोच नसतो, आधी एवढ्या टाकीत ती जोडी ठेवण्याबद्दल तुमच्याशी भांडलो असतो. त्या जातीची मादी नराला जिवेही मारते.

मग त्याऐवजी काय द्यायचं? कुंभाराकडची चार-पाच इंच तोंडाची साधी कुंडी. रंगवलेली नको, चकचकीत नको, सिमेंटची नको. आठवडाभर आरओच्या पाण्यात भिजत घाला, पाणी दोनदा बदला. मग आडवी करून ठेवा, तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. कुठे ठेवायची, हे महत्त्वाचं. तुम्हाला जिथे शोभेल तिथे ठेवलीत तर ते जाणार नाहीत. त्यांनी कोपरा आधीच निवडलाय, म्हणून कुंडी पहिल्यांदा त्याच कोपऱ्यात, वेव्हमेकरच्या खाली ठेवा. त्यांनी ती आपली म्हटली, आत शेपटीनं वाळू उडवून खड्डा केला, आतली भिंत तोंडानं घासू लागले की मग दर दोन-तीन दिवसांनी दोन बोटं सरकवत हव्या त्या जागी आणा. मला एकदा दीड महिना लागला होता. कुंडी डोळ्यांना खुपत असेल तर फरशीचा तुकडा खडकाला तिरका टेकवा, खरखरीत बाजू वर. एका जोडीनं माझ्याकडे पीव्हीसीचा एल्बो निवडलाय आणि शेजारची महागडी सिलिकॉनची खोटी सोंडावळ तशीच आहे. तिच्यावर फक्त शेवाळ साचतं.

लेदर कोरलसारखी मऊ प्रवाळं क्लाउनना आवडतात हे खरं, पण त्यांच्या सारख्या अंग घासण्यानं ती मिटून राहतात, कधी मरतात. नवी, कोवळी वसाहत तर अजिबात सोसत नाही. आणि एक सावधगिरी: आपल्या समुद्रातली सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कोणी ‘मालवणहून आणलेला लाईव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर हात लावू नका. बाजारात सिरॅमिकचे खडक मिळतात, ते मुरायला वेळ घेतात पण निर्धास्त असतात.

तोवर ते वेव्हमेकरमागे राहिले तर राहू देत. फक्त दोन गोष्टी बघा. पंपाच्या शोषणाच्या तोंडाला स्पंज हवा. आणि हीटर टाकीत असेल तर त्याला प्लॅस्टिकची जाळी घाला, कारण क्लाउन हीटरला बिलगून झोपतात आणि तो चालू झाला की भाजतात. आडवं होऊन, पाण्याच्या वरच्या थरात, कधी डोकं वर करून झोपणं ही त्यांची रीतच आहे. पहिल्या वर्षी मी रात्री दोनदा टॉर्च घेऊन उठायचो.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात ॲनिमोनपेक्षा मला नाशिक हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटला. मुंबईच्या दमट हवेत टाकीवर पंखा लावून पाणी फारसं गार होत नाही, आम्हाला चिलर घ्यावा लागतो. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, साधा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. पण तितकंच पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. दीडशे लिटरच्या टाकीत रोज दोन-तीन लिटर उडालं आणि तुम्ही चार दिवसांनी भर घातलीत, तर क्षारता चढते आणि मग एकदम उतरते. या झोक्यांनी मासे थकतात, कोपरा धरतात, आणि दोष ॲनिमोनला लागतो. भर रोज घाला, साध्या आरओच्या पाण्यानं, मीठपाण्यानं नाही. घनता १.०२५ च्या आसपास ठेवा, रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) अधूनमधून जमवून घ्या. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळायची सोय असते. ती बंद करा किंवा त्या टप्प्याच्या आधीचं पाणी घ्या, आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. हिवाळ्यात तुमच्याकडे रात्री दहा अंशांच्याही खाली जातं, म्हणून चांगला हीटर हवाच. पाणी २५ ते २७ अंशांत स्थिर राहिलं की निम्मे प्रश्न सुटतात.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आत. आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदला, त्यासाठी लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबानं अर्धा किलोच्या थोडं वर मीठ लागेल. ते आदल्या रात्री कालवून, पंप लावून हलतं ठेवा. किनाऱ्यावरचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा मोह होतो. नको. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, सांडपाणी मिसळलेलं आणि पावसाळ्यात निम्मं गोडं असतं.

खाण्यात एक देशी जिन्नस सुचवतो, जवळा. ताजा, बर्फातला नाही, खारवलेला तर नाहीच. नाशिकला ताजा मिळणं कठीण, पण कोणी मुंबईहून येत असेल तर मागवा. दोनदा आरओच्या पाण्यात धुऊन, पातळ थर करून फ्रीजरमध्ये गोठवायचा आणि चिमूटभर तोडून घालायचा. मासे अक्षरशः हातावर येतात. जवळा नसेल तर कोलंबी बारीक चिरून. रोजचा आधार मात्र चांगल्या पेलेटचाच असू दे, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

कोपऱ्यात बसणं केव्हा आजारपणाचं असतं, हेही ओळखायला शिका. अंगावर दुधाळ, चिकट साय आली, कातडीचे पापुद्रे सुटू लागले, श्वास धापा टाकल्यासारखा झाला, तर तो बहुधा ‘ब्रुकलिनेला’ हा रोग. क्लाउनना तो इतका होतो की त्याला क्लाउनचाच रोग म्हणतात. एक-दोन दिवसांत मासा जातो, थांबायला वेळ नसतो. त्यावर तांब्याचं औषध चालत नाही, वेगळ्या टाकीत फॉर्मलिन लागतं, तेही मापात आणि हवेचा दगड चालू ठेवून. पिठूळ सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली आणि मासा प्रवाहाच्या तोंडाशी उभा राहू लागला, तर तो वेल्व्हेट. त्यावर तांबं चालतं. यातला कुठलाही रोग ॲनिमोन आणून बरा होत नाही. उलट टाकीत ॲनिमोन असेल तर तिथे तांबं घालता येत नाही, तो मरतो.

अंड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुंडी ठेवलीत तर वर्षभरात विचाराल, म्हणून आत्ताच सांगतो. एक दिवस दोघं कुंडीची भिंत झपाटल्यासारखी घासायला लागतील, मादीचं पोट गरगरीत होईल, आणि दुपारनंतर भिंतीवर केशरी ठिपक्यांचा पट्टा दिसेल. पहिल्या दोन-तीन खेपा बाप स्वतःच खाऊन टाकतो, नवखा असतो. पुढे तो परांनी वारा घालत राखण करतो. अंडी काळवंडत जातात, मग आतून रुपेरी डोळे चमकायला लागतात आणि सातव्या-आठव्या रात्री, दिवे गेल्यावर, ती फुटतात. पिल्लं वाचवायची तर पहिल्या दिवसापासून जिवंत रोटिफर (सूक्ष्म जलजीव) लागतात, त्यांना खायला हिरवं शैवाल लागतं, म्हणजे घरात दोन जास्तीच्या बाटल्या आणि बायकोची परवानगी. पहिल्यांदा नुसतं बघा. जोडी एकदा लागली की साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा घालते, संधी जात नाही. या काळात मादी टाकीत हात घातला की चावते. लागत नाही, पण माणूस दचकतो आणि हातातली नळी सोडतो. माझी बैठकीची फरशी त्याला साक्षी आहे.

राहता राहिली दिवाळी. दहा दिवसांत धोका उपासमारीचा नसतो. धोका आहे तो बाष्पीभवनाचा, विजेचा आणि शेजाऱ्यांच्या मायेचा. भर घालायला फ्लोटवर चालणारा छोटा ऑटो टॉपअप बसवा आणि निघण्याआधी किमान आठवडाभर तो चालवून बघा; तो उघडा अडकला तर टाकी गोडी होते, म्हणून त्याच्या बादलीत दहा लिटरपेक्षा जास्त पाणी ठेवू नका. दहा दिवसांना ते पुरणार नाही, म्हणून मधे एकदा कोणी तरी येऊन भरायला हवी. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप मिळतो, तो घ्या. खाण्यासाठी औषधांच्या गोळ्यांचा वारांचा डबा आणा, प्रत्येक खणात एक दिवसाचे पेलेट मोजून घाला, आणि शेजाऱ्यांना सांगा की एक दिवसाआड एक खण. पेलेटची मुख्य बरणी मात्र कपाटात ठेवून किल्ली बरोबर न्या. आमच्या काकूंनी एकदा ‘बिचारे तोंड उघडून बघत होते’ म्हणून अख्खी बरणी चार दिवसांत रिकामी केली होती.

आज संध्याकाळी घनता आणि तापमान मोजून इथे टाका, आणि मोठी अंगावर जाते त्या वेळचा धाकट्याचा एक व्हिडिओ. तो थरथरताना दिसला तर जोडीबद्दल मला आणखी काही विचारायचं राहणार नाही.